दादा सांगलीचा, ती मेडेलिनची, सही माझी. काय करू?

कृष्णाकाठची_पोर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, लिहायची वेळ आली नव्हती, आता आलीये. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. वय ४७, सांगलीचा, इथे न्यूयॉर्कला एका बँकेच्या आयटीत. पहिलं लग्न पुण्यात झालं होतं, ते मोडलं, मूलबाळ नाही, त्यानंतर मावशीने दाखवलेल्या सगळ्या मुली त्याने फोटोवरच नाकारल्या. राहतो क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला, ७४ नंबरच्या रस्त्यावर आपली किराणा दुकानं आहेत ना, तिथून चालत पाच मिनिटं. स्वभाव म्हणाल तर घरी पाहुणे आले की हा ग्यालरीत. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

आणि ती. वय ५२, कोलंबियातल्या मेडेलिनची. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर जिथे ७ नंबरची ट्रेन डोक्यावरून धडधडत जाते तिथे खाली तिचं छोटंसं सलून. नवरा वारलाय, मुलगा २६ चा. बोलायला लागली की ट्रेन परवडली. इंग्रजी कामापुरतं, दादाला स्पॅनिश शून्य. कॅथलिक, रविवारी चर्च, शनिवारी नाच. दादा आयुष्यात एकदाच नाचलाय, माझ्या वरातीत, तेही कोणीतरी ढकलल्यामुळे.

ओळख कशी झाली? तर दादा तिच्याकडे केस कापायला जायचा. दर पंधरा दिवसांनी. इथे सांगायलाच हवं की दादाला कॉलेजपासून टक्कल आहे, कानामागे काय ती झालर उरलीय.

मागच्या रविवारी दोघं आमच्याकडे जर्सीला जेवायला आले आणि आमटी वाढून घेता घेता दादा म्हणाला, आम्ही लग्न करतोय, सिटी क्लर्कच्या ऑफिसात, एक साक्षीदार लागतो, येशील का. मी हो म्हटलं. रात्री सांगलीहून मावशीचा फोन. "तू सही केलीस तर परत मला मावशी म्हणू नकोस. ती बाई कागदांसाठी लागलीय त्याच्या मागं. आन् उद्या तिचा पोरगा तासगावच्या द्राक्षबागेत हिस्सा मागायला येईल."

आई आजारी असताना मी मावशीकडेच वाढलेय, त्यामुळे हे मला सोपं नाहीये. सही करू का नको? आणि दुसरं, असं टिकतं का हो? काही म्हणजे काही जुळत नाही दोघांचं.

तिरकस
टक्कल आणि दर पंधरा दिवसांनी सलून. या माणसाला मी ओळखत नाही पण माझा पूर्ण पाठिंबा आहे.

ओवी
हहपुवा. ती झालर किती हळूहळू कापत असेल.

फुकट_सल्ला
सगळे हसताय म्हणून मीच वाईटपणा घेतो. मावशी चुकतायत असं मला वाटत नाही. ५२ वर्षांची बाई, सलून चालवते, समोर बँकेतला आयटीवाला एकटा माणूस, दोन अधिक दोन चार. इथे ह्यूस्टनला माझ्या ओळखीत असं झालंय, ग्रीन कार्ड हातात पडलं आणि बाई दुसऱ्या स्टेटमध्ये. पोरी, सही करायच्या आधी दादाला वर्षभर थांब म्हणावं. प्रेम असेल तर वर्षभरात कुठे जात नाही.

दादरची_सून
फुकट_सल्ला, तुमचं ते "सलून चालवते" वाचून जरा हसूच आलं. म्हणजे स्वतःचा धंदा आहे, भाडं भरते, आणि नोकरी जायची टांगती तलवार तिच्यावर नाही, आयटीवाल्यावर आहे :)

धागाकर्तीसाठी माझा अनुभव. मी दादरची, नवरा जाफन्याचा श्रीलंकन तमिळ. मी टोरांटोला शिकायला आले होते, तो निर्वासित म्हणून आलेला, स्कारबरोच्या एका गोदामात रात्रपाळीला दोघं पॅकिंग करायचो. तोडकंमोडकं इंग्रजी आणि खुणा. माझ्या आईने तीन महिने फोन घेतला नाही, त्याच्या आईला मी तमिळ नाही यापेक्षा मला सांबार येत नाही याचं जास्त दुःख.

लोक विचारतात जेवणाचं कसं, भाषेचं कसं. ते जमतं हो. न जमणारं वेगळंच असतं आणि ते कोणी आधी सांगत नाही. २००९ च्या मे महिन्यात तिकडे युद्धाचा शेवट चालला होता, इथे हजारो तमिळ लोक रस्त्यावर उतरले, गार्डिनर एक्सप्रेसवे अडवला. हा तिथे रात्रभर. मी घरी बसून टीव्हीवर बघतेय आणि मला कळतंय की या माणसाचं सगळ्यात मोठं दुःख मला बातमीतून कळतंय. सकाळी आला, काही बोलला नाही, मी पण विचारलं नाही, काय विचारायचं तेच कळेना. तिथून पुढे मी त्याच्या आत्याला दर रविवारी फोन लावायला लागले. मला तमिळ येत नव्हतं, तिला इंग्रजी येत नव्हतं, दोघी नुसतं "जेवलात का" करायचो. पण त्यानंतर घर बदललं.

एकाच गावची असती माणसं तर हे करावं लागलं नसतं. पण एकाच गावची माणसं हे करतात का, हाही प्रश्नच आहे.

साखरकारखाना
दादरची_सून, छान लिहिलंय. डोळ्यात पाणी आलं राव, हापिसात बसून वाचतोय.

हिशोबी
दादरची_सून यांच्याशी सहमत, फक्त त्यांनी एक गोष्ट सोडली. पैसा. मी २२ वर्षं जर्मनीत आहे, माझ्या एका मित्राचं पोलिश नर्सशी लग्न झालं होतं, माणसं दोन्ही उत्तम, पण हा दर महिन्याला सोलापूरला पैसे पाठवायचा आणि ती तिच्या आईवडिलांना. दोघांच्या मते आपले पाठवलेले पैसे म्हणजे कर्तव्य आणि समोरच्याचे म्हणजे उधळपट्टी. शेवटी तिच्या वडिलांच्या ऑपरेशनवरून फुटलं. इथल्या मुलीशी लग्न केलं तर एकाच बाजूला पैसे जातात, दोघंही बाहेरचे असले की दोन देशांतल्या दोन घरांची छपरं तुमच्या पगारावर. टिकतं का म्हणून विचारलंत तर आधी दोघांना एका कागदावर लिहायला लावा, कोणाला किती आणि कधीपर्यंत.

ओवी
हिशोबी, आयडी सार्थ केलात.

कृष्णाकाठची_पोर
सगळ्यांचे आभार. दादरची_सून, तुमचा प्रतिसाद मी दादाला वाचून दाखवला, तो "हं" म्हणाला. त्याच्याकडून हे खूप आहे.

फुकट_सल्ला, एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती कारण मावशीलाही ती धड माहीत नाही. कागद हवेत ते दादाला. ती कधीचीच सिटिझन आहे. दादा अजून नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेतली त्याची तारीख (प्रायॉरिटी डेट) २०१६ ची. सांगलीत सगळ्यांना वाटतं तो अमेरिकेत सेटल झालाय, आणि त्यानेही कधी खोडून काढलं नाही.

आणि गंमत म्हणजे तिचा मुलगा आईला सांगतोय, हा इंडियन कागदांसाठी तुझ्या मागे लागलाय.

तिरकस
अरे देवा. म्हणजे सांगलीतली मावशी आणि क्वीन्समधला मुलगा, दोघांचं म्हणणं शब्दशः एकच आहे. त्यांचंच एकमेकांशी बोलणं करून द्या, जमेल त्यांचं.

फुकट_सल्ला
बरं. माझं दोन अधिक दोन मागे घेतो. पण मग प्रश्न दादाला विचारा, उलटा. कार्डाची रांग नसती तर त्याने आत्ताच लग्न केलं असतं का?

रांगेतला_२०१६
याच रांगेत उभा आहे म्हणून लिहितोय. भारतात राहणाऱ्यांना समजावं म्हणून थोडक्यात: नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ढोबळमानाने ७ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. अर्ज मात्र आपल्या लोकांचे ढिगाने. त्यामुळे फाईल मंजूर होऊन पडलेली असते आणि माणूस व्हिसा वाढवत वाढवत म्हातारा होतो. नोकरी गेली तर दुसरी शोधायला सहसा ६० दिवस. घर घ्यावं का, आईला भेटायला जावं का, परत येताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलो तर काय, असलं सगळं डोक्यात घेऊन झोपायचं. सिटिझनच्या नवऱ्याला किंवा बायकोला ही रांगच नाही.

तर फुकट_सल्ला, तुमचा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो पण अशा माणसाला तो लागू होत नाही. माझ्या प्रत्येक निर्णयात कार्ड असतं. कार नवी घ्यायची का यातही असतं. मग लग्नात नसेल असं कसं म्हणायचं? आणि असलं म्हणून प्रेम खोटं? सांगलीत पोरीचे आईवडील मुलाला नोकरी किती, घर स्वतःचं का, बघतातच ना, तेव्हा कोणी म्हणत नाही की फ्लॅटसाठी लग्न केलं.

साखरकारखाना
म्हणतात की. आमच्याकडं तर तोंडावर म्हणतात.

हिशोबी
कायद्याची एक बाजू कोणीच सांगितली नाही, ती सांगतो. ती दादाला स्पॉन्सर करणार म्हणजे तिला आय-८६४ नावाच्या फॉर्मवर सही करावी लागणार. त्याचा अर्थ, उद्या दादा कफल्लक झाला आणि सरकारी मदत घ्यायची वेळ आली तर सरकार पैसे तिच्याकडून वसूल करू शकतं. ही जबाबदारी तो सिटिझन होईपर्यंत किंवा त्याच्या कामाच्या ४० तिमाही भरेपर्यंत चालते आणि घटस्फोट झाला तरी सुटत नाही. दादाच्या इथल्या नोकरीच्या तिमाही त्यात धरतात म्हणून त्याचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं, पण तत्त्व बघा. मावशींना म्हणावं, सही तुमच्या भाचीची महत्त्वाची नाही, त्या बाईची आहे. जोखीम ती घेतेय.

दादरची_सून
हे मला माहीत नव्हतं. घटस्फोटानंतरही? बाप रे. आपल्याकडे असा फॉर्म असता तर निम्मी लग्नं झाली नसती.

निवृत्त_पण_जागा
धागा वाचून राहवेना. कागद आणि लग्न यांची ही गाठ नवीन नाही मंडळी, शंभर वर्षं जुनी आहे. १९१० ते ४० च्या काळात बंगालचे मुसलमान खलाशी न्यूयॉर्कच्या बंदरात जहाजातून उतरून पळून जायचे. १९१७ च्या कायद्याने आशियातल्या बहुतेक लोकांना दार बंदच होतं, त्यामुळे लपूनछपून. हे लोक हार्लेममध्ये राहिले आणि लग्नं केली पोर्तो रिकोहून आलेल्या आणि कृष्णवर्णी मुलींशी. त्या मुलीही बऱ्याचदा दुसरीकडून शहरात आलेल्या. एक सिल्हेटचा, एक सान हुआनची, दोघांनाही न्यूयॉर्क परकंच. कॅलिफोर्नियात इंपीरियल व्हॅलीत पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायका केल्या, कारण पंजाबातून बायको आणता येत नव्हती आणि गोऱ्या बाईशी लग्नाला कायद्याची आडकाठी. मुलांची नावं एक स्पॅनिश एक पंजाबी.

आणि त्याहून कहर ऐका. १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस अमेरिकन नागरिक होऊच शकत नाही. आणि १९२२ चा जो बायकांच्या नागरिकत्वाचा कायदा होता त्यात होतं की नागरिक व्हायला अपात्र अशा परदेशी माणसाशी लग्न केलं तर अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जाणार. दोन्ही एकत्र वाचा. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची बायको मेरी, चांगली अमेरिकन घराण्यातली, तिचं नागरिकत्व यात गेलं. १९३१ पर्यंत ही तरतूद होती. तेव्हा आपल्या माणसाशी लग्न केलं तर बाईचे कागद जायचे, आता बाईमुळे आपल्या माणसाला कागद मिळतात.

ओवी
काका, हे शाळेत का नाही शिकवलं कोणी. मस्त माहिती.

बाप्पा_रे
काका, विदर्भ विसरले काहून? पांडुरंग खानखोजे! आमच्या वर्ध्याचा माणूस, इंग्रजांविरुद्धच्या गदर पक्षातला. इंग्रज मागे लागले म्हणून जगभर फिरत फिरत मेक्सिकोत पोचला आन् तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत मास्तर झाला, मक्यावर संशोधन केलं. तिथल्या मोठ्या चित्रकाराने, दिएगो रिवेराने, मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर चित्रात काढलाय त्याला. तिथेच १९३६ साली लग्न केलं, कोणाशी? बेल्जियमच्या पोरीशी, झान सिंदिक. हा वर्ध्याचा पन्नाशीतला फरार क्रांतिकारक, ती बेल्जियन, गाव मेक्सिको. यापेक्षा बेमेळ जोडी दाखवा मले. दोन पोरी झाल्या, मोठीनं पुढे बापाचं चरित्र लिहिलं. स्वातंत्र्यानंतर कुटुंब नागपूरले आलं, १९६७ मध्ये ते तिथेच वारले. आता त्या बेल्जियन बाईने नागपूरचा मे महिना कसा काढला असंल याचा विचार करा, प्रेम म्हणजे काय ते तिथे समजते.

तिरकस
मे महिन्याचा मुद्दा सर्वात भारी. पण बाप्पा, दादाला क्रांतिकारकांच्या रांगेत बसवू नका, बँकेत आयटीवाला आहे तो.

निवृत्त_पण_जागा
बाप्पा_रे, खानखोजे राहिलेच की माझे, बरं झालं आठवण केलीत. मग बर्लिनमधली जोडीही घ्या: सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडली. दोघंही तिथे उपरे. काही वर्षं एकत्र राहिले, पण भयंकर भांडणं, आणि मोडलं. म्हणजे न टिकल्याचंही उदाहरण आहे हो, उगीच गुलाबी चित्र नको.

दादरची_सून
धागा भरकटतोय. धागाकर्ती, ते दोघं बोलतात तरी कसे? आणि शाकाहाराचं काय? कोलंबियन जेवण म्हणजे मांसच ना.

कृष्णाकाठची_पोर
भरकटू दे, मला वाचायला मजा येतेय. मावशीलाही खानखोजे पाठवले, तिने अंगठा दाखवला (वरचा, खालचा नाही).

बोलणं: सुरुवातीला फोनवरचं भाषांतर. मग दादाने स्पॅनिश क्रियापदांची एक्सेल शीट केली, रंग घालून, आता अडखळत का होईना पूर्ण वाक्य बोलतो. ती त्याला नावाने नाही "इन्हे" म्हणून हाक मारते, तिकडे इंजिनीयरला असंच म्हणतात म्हणे. जेवण: तिच्या घरी राजम्यासारखा घेवडा, भात, तळलेली पिकलेली केळी, मक्याच्या जाड भाकऱ्या (अरेपा), चीजचे पाव. मटण बाजूला काढलं की दादाचं पोट भरतं. पण खरी गोष्ट गुळाची आहे. सलूनमध्ये गिऱ्हाईक बसलं की ती गरम पाण्यात गुळाचा खडा विरघळवून वर लिंबू पिळून देते, अगुआपनेला म्हणतात. पहिल्या दिवशी दादाला तिने न विचारता तो कप दिला. तो सांगतो, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी दारात गूळपाणी दिलं.

साखरकारखाना
सांगलीकराला गूळ! संपला विषय. आमच्या मार्केट यार्डातले अडते हे वाचतील तर रडतील. बरं गुळात भारताचा नंबर पहिला आन् कोलंबियाचा त्याच्या मागं, म्हणजे तसं बघितलं तर स्थळ तोलामोलाचं आहे.

तिरकस
पत्रिकेत "गूळयोग".

ओवी
बेमेळ बेमेळ म्हणतोय आपण पण दोघंही एकटे, दोघांची घरं पाच-सहा तासांच्या नाहीतर वीस तासांच्या विमानावर, दोघांनाही ७ नंबरच्या ट्रेनचा आवाज. सांगलीतल्या बायकोशी दादाचं काय जास्त जुळलं असतं आता?

फुकट_सल्ला
ओवी, हे पटतं आणि नाहीही. रोजचं आयुष्य जुळतं, मान्य. पण म्हातारपणी माणूस आपल्या भाषेकडे परत जातो. माझे वडील शेवटी इंग्रजी विसरले, फक्त मालवणी बोलायचे, आई होती म्हणून निभावलं. दादा ७५ चा आणि ती ८० ची झाली की कोण कोणाचं ऐकणार? हे भांडायला म्हणून नाही विचारत.

दादरची_सून
याचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही दोघं पण हे टाळतो.

रांगेतला_२०१६
इंटरव्ह्यूची तयारी आत्तापासून करा बरं. वयातला फरक, वेगळा धर्म, वेगळी भाषा असली की ऑफिसर जास्त खोलात जातात. दोघांच्या नावाचा भाडेकरार, बँक खातं, टॅक्स एकत्र भरल्याचे कागद, फोटो (नातेवाइकांसकट, नुसत्या सेल्फी नकोत), सगळं जमवा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मंजूर झालं तर कार्ड फक्त दोन वर्षांचं मिळतं, मग मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ नावाचा फॉर्म भरायचा. म्हणजे परत एकदा सिद्ध करा की प्रेम आहे.

तिरकस
म्हणजे सांगलीची मावशी आणि अमेरिकेचं सरकार एकच प्रश्न विचारणार, फरक इतकाच की सरकार फी घेतं.

हिशोबी
आणि द्राक्षबागेचं: त्याला साधं उत्तर आहे. मावशी आणि काकांनी चांगल्या वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावं. कोणाला काय ते लिहा आणि झोपा. ही भीती दाखवून लग्न अडवायचं म्हणजे दादा बागेसाठी जन्माला आलाय असं झालं.

कृष्णाकाठची_पोर
अपडेट देते. काल व्हिडिओ कॉल झाला, मावशी, काका, दादा, ती आणि मी. मावशीने पदर नीट करून आधी दादाला झापलं, कार्ड नाही हे इतकी वर्षं का लपवलं म्हणून. जवळजवळ अर्धा तास. ती बाजूला बसून ऐकत होती, एक अक्षर कळत नव्हतं, मग मध्येच दादाला बाजूला सारून फोन स्वतःकडे घेतला आणि मावशीच्या सुरात सूर मिसळून स्पॅनिशमध्ये तीही दादालाच झापायला लागली. कशाबद्दल ते कोणालाच कळलं नाही, दादालाही नाही म्हणे. मावशी गप्प झाली. मग म्हणाली, "आवाज आहे बाईला."

होकार दिलेला नाही. लग्नाला येणार नाही, मला मावशी म्हणायचं का ते अजून ठरलेलं नाही. पण रात्री मेसेज आला, तिची जन्मतारीख आणि वेळ पाठव, नुसतं बघायला.

मी सही करणार आहे. मुलालाही बोलावलंय, तो "बघतो" म्हणाला. शुक्रवारी दोघं क्यू गार्डन्सच्या ऑफिसात लग्नाचं लायसन्स काढतायत.

तिरकस
गुण किती जमले ते इथे कळवणे. आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाप्पा_रे
अभिनंदन बाप्पा! मेच्या महिन्यात मात्र सांगलीले नेऊ नका तिले.

रांगेतला_२०१६
अभिनंदन. लायसन्सची फी ३५ डॉलर, सेरेमनीची २५ वेगळी. लायसन्स काढल्यावर २४ तास थांबावं लागतं, त्याच दिवशी लग्न लागत नाही, आणि ते ६० दिवसच चालतं, तेव्हा मावशींचा ज्योतिषी मुहूर्त काढणार असेल तर त्याला तारखेची मर्यादा आधी सांगा. दादाने पहिल्या घटस्फोटाचे कागद जवळ ठेवावेत. आणि साक्षीदाराने स्वतःचं ओळखपत्र न्यायचं, ताई, विसरू नका.